पहिलं वेबपान कुणासाठी करायचं?

संगणक शिकायला कुठून सुरुवात करू, असं विचारणारी मुलंमुली मला दर सुट्टीत भेटतात. कुणाची बारावी नुकतीच संपलेली असते, कुणी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असतं. त्यांना कोर्सचं नाव हवं असतं. मी आधी वेगळंच विचारते: तुमच्या घरात असं काय आहे, जे कुणालातरी तोंडपाठ आहे पण कुठेच लिहून ठेवलेलं नाही? आजोबांना शेताच्या पाटपाण्याच्या पाळ्या माहीत असतात, आईला नऊवारीची मापं, काकांना गावातल्या पितळेच्या समयांचे प्रकार. या प्रश्नाचं उत्तर मिळालं की कुठून सुरुवात करायची ते आपोआप कळतं.

माझं उत्तर होतं आजीची डांगर पच्चडी, म्हणजे भाजलेल्या उडदाच्या डाळीचं पीठ दह्यात कालवून केलेला पदार्थ.

आमचं गाव चोळपुरम्, तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम्‌हून चेन्नईकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घरातली भाषा तंजावरी मराठी. भोसले घराण्याने सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं. त्या काळात दक्षिणेत येऊन राहिलेल्या घराण्यांपैकीच आमचं एक. पण आम्ही मराठी फक्त बोलायचो. माझी शाळा तमिळ माध्यमाची, वाण्याची यादी तमिळमध्ये, आणि आजी तिच्या बहिणीला पत्र लिहायची तेसुद्धा मराठीच, पण तमिळ अक्षरांत. मला देवनागरी आली ती दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांमुळे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि संगणकाच्या पडद्यावर तिसरी, अशा स्थितीत मी शिकायला बसले. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या पुष्कळ मराठी मुलांची आजही हीच स्थिती असते, म्हणून हे सविस्तर सांगते आहे.

तमिळनाडू सरकारने २०११ मध्ये सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. बारावीत असताना मला तो मिळाला आणि त्या वर्षीच्या सुट्टीत मी कुंभकोणम्‌मधल्या एका क्लासला नाव घातलं. तीन महिने वहीत उतरवून घेतलं: संगणकाच्या पिढ्या किती, इनपुट साधनं कोणती, कोणत्या मेनूत कोणते पर्याय. आठवड्यातून दोनदा अर्धा तास यंत्राला हात लागायचा, तेही दोघींमध्ये एकच यंत्र. परीक्षेत चांगले गुण मिळाले. घरी येऊन लॅपटॉप उघडला तेव्हा काय करायचं ते मात्र सुचेना. म्हणून क्लास निवडताना दोनच गोष्टी विचारा. यंत्रासमोर एकट्याने बसायला रोज किती वेळ मिळेल? आणि क्लास संपेल तेव्हा मी स्वतः केलेली कोणती वस्तू घरी नेईन? याची उत्तरं गुळमुळीत आली, तर फी भरण्याआधी दुसरा क्लास बघा.

त्या सुट्टीतच ठरवलं की आजीच्या हातच्या पदार्थांचं एक वेबपान करायचं. आजीने सांगायचं आणि मी टंकायचं. पुढचं सगळं शिक्षण त्या एका पानाने करून घेतलं. ज्या क्रमाने अडले त्याच क्रमाने सांगते, कारण बहुतेक सगळे याच क्रमाने अडतात.

पहिली अडचण फाइल आणि फोल्डरची. हा भाग लोक घाईने सोडून देतात आणि पुढे वर्षभर त्याची किंमत मोजतात. आज फोनवर वाढलेल्या मुलांना तर फाइल कुठे असते हा प्रश्नच पडत नाही, कारण फोटो गॅलरीत दिसतो आणि पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर सापडतो. वेबपानाला असं चालत नाही. पान, फोटो आणि सजावटीची फाइल एकमेकांना नावाने आणि पत्त्याने शोधतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस फक्त हे करा: एक फोल्डर तयार करा, त्यात फोटोंसाठी दुसरा करा, फाइल एकातून दुसऱ्यात हलवा, नाव बदला, पुसा, परत आणा. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवलेलं असतं. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून ते दिसेल असं करा. मी पहिलं पान नोटपॅडमध्ये लिहून ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ म्हणून साठवलं होतं. प्रत्यक्षात त्याच्यामागे आणखी एक ‘डॉट टीएक्सटी’ चिकटलेलं होतं, आणि ते दिसत नसल्यामुळे पान का उघडत नाही हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. नावं इंग्रजी छोट्या अक्षरांतच द्या, मध्ये जागा सोडू नका, जोडायचं असेल तर आडवी रेघ वापरा. याचं कारण पुढे येईलच.

दुसरी अडचण टंकलेखनाची. इथे थोडं थांबायला हवं.

आमच्याकडच्या छोट्या गावांतही टायपिंग इन्स्टिट्यूट असते आणि इंग्रजी-तमिळ टंकलेखनाच्या लोअर, हायर परीक्षांना मुली आजही बसतात. महाराष्ट्रात तेच शिक्षण आता जीसीसी-टीबीसी या नावाने संगणकावर होतं. न बघता टंकता येणं हे कौशल्य जुनं झालेलं नाही. ज्याची बोटं अडखळतात त्याचा विचारही अडखळतो, आणि कोड लिहिताना एक स्वल्पविराम चुकला की पान मोडतं. रोज वीस मिनिटं, तीन आठवडे, इतकं केलं तरी फरक दिसतो.

मराठीसाठी बहुतेक जण उच्चारानुसार इंग्रजी अक्षरं टंकून देवनागरी मिळवतात. फोनवर तेवढं पुरतं. पण ज्यांना हे काम म्हणून करायचं आहे, त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावं असं माझं ठाम मत आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात ही कळांची मांडणी आहे, आणि तिचा मोठा गुण असा की एका ध्वनीला सगळ्या भारतीय लिप्यांत एकच कळ. इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीत क येतो, तमिळ निवडली की तमिळमधला क येतो. माझ्यासारखीला एकदा शिकलं की दोन भाषा हाताशी आल्या. तमिळनाडूत मात्र १९९९ मध्ये मान्य झालेली तमिळ-९९ ही मांडणी जास्त चालते. तुम्हाला फक्त तमिळच लिहायचं असेल तर ती वेगवान पडते. कोल्हापूर-बेळगावकडच्या मुलांना मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात. त्यांनी इनस्क्रिप्टच धरावं.

मग लिपीचा प्रश्न आला. मी आजीचे शब्द तिच्याच पद्धतीने तमिळ अक्षरांत लिहून पाहिले. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर, तसंच ट आणि ड यांनाही. ‘डांगर’ लिहिलं की वाचणारा ‘टांगर’ वाचू शकतो. ‘खारं’ आणि ‘गार’ यांचं पहिलं अक्षर सारखंच दिसतं. आजीच्या बहिणीला अडचण नव्हती, कारण तिला पदार्थ ठाऊक होता. पुण्यातल्या किंवा न्यू जर्सीतल्या नातवंडाला तो ठाऊक नसतो. आणि देवनागरीत लिहायला गेले तर गावाचं नावच अडवत होतं. तमिळमध्ये चोळपुरम्‌मधला ‘ळ’ हा मराठी ‘ळ’ नव्हे, जीभ आणखी मागे वळवून काढलेला वेगळा ध्वनी आहे. युनिकोडच्या देवनागरी विभागात त्याच्यासाठी ‘ऴ’ असं खाली टिंब असलेलं अक्षर आहे. मराठी वाचकासाठी मी ‘ळ’च ठेवला, पण हा निर्णय मी समजून-उमजून घेतला, संगणकाने माझ्यासाठी घेतला नाही. तुम्हीही ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतला फरक टंकायला शिका. ‘दुसऱ्या’मधला ‘र’ रफार म्हणून डोक्यावर चढवून छापलेली पानं अजूनही दिसतात, आणि मराठी वाचणाऱ्याला ती खड्यासारखी टोचतात.

एक सूचना लग्नपत्रिका आणि डीटीपीच्या दुकानांत काम शिकणाऱ्यांना. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर वेबपानावर चिकटवू नका. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, वर फक्त देवनागरीचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तिथे अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसतात आणि शोधयंत्रालाही त्यातला एक शब्द सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. साठवतानाही काळजी घ्या: जुन्या विंडोजमधलं नोटपॅड मजकूर यूटीएफ-८ मध्ये साठवायला आपणहून सुचवत नसे, ते निवडावं लागे. मी निवडलं नाही आणि आजीने सांगितलेलं सगळं पान दुसऱ्या दिवशी प्रश्नचिन्हांनी भरलेलं निघालं. २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये यूटीएफ-८ हाच नेहमीचा पर्याय आहे, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेतली यंत्रं जुनी असतात.

भोसले घराण्यातल्या सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना काढला होता. दोनशे वर्षांपूर्वी इथेच कुणीतरी ‘ळ’चा खिळा हातात धरून पाहिला असेल, हा विचार त्या सुट्टीत माझ्या मनात वारंवार यायचा आणि मला धीर द्यायचा.

आता एचटीएमएल. हे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सगळ्या जगाला मोफत खुलं केलं. आज चोळपुरम्‌मधली मुलगी कुणाची परवानगी न घेता पान करू शकते ती त्यामुळे. मुळात एचटीएमएल ही मजकुराला नावं देण्याची भाषा आहे. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा फोटो.

पहिल्या आठवड्यात तयार साचे आणि ओढून-सोडून पान बनवणारी साधनं बाजूला ठेवा. साध्या संपादकात हाताने लिहा. नोटपॅड चालेल, व्हीएस कोड असेल तर चुका लवकर दिसतात. दहा-बारा खुणा, म्हणजे टॅग, पुरेत. पाककृती हा यासाठी फार चांगला मजकूर आहे, कारण तिच्यात सगळे प्रकार येतात. पदार्थाचं नाव ‘एच-वन’मध्ये. साहित्याला क्रम नसतो, म्हणून ती ‘यूएल’ यादी. कृतीला क्रम असतो, म्हणून ती ‘ओएल’ यादी. आकडे हाताने टंकू नका, ब्राउझरला घालू द्या. सीएसएसमध्ये सांगितलं तर तो १, २, ३ असे देवनागरी आकडेही घालतो आणि तमिळ पानावर तमिळ आकडेही. मजकूर दिसायला कसा हवा हा विचार अजून करायचा नाही. एखादी ओळ मोठी दिसावी म्हणून तिला शीर्षक करणं ही शिकाऊ माणसाची सगळ्यात नेहमीची चूक, आणि पुढे सगळी सजावट तिथेच बिघडते.

पानाच्या डोक्यावर दोन गोष्टी विसरू नका. एक, अक्षरसंच यूटीएफ-८ आहे हे सांगणारी ओळ. दुसरी, पानाची भाषा. मराठी पानाला ‘एमआर’, तमिळला ‘टीए’. एकाच पानात दोन भाषा असतील तर त्या-त्या परिच्छेदाला वेगळी खूण द्या. मी ही ओळ कुणाचंतरी पान बघून उतरवली होती आणि तिथे ‘ईएन’ होतं. म्हणजे माझं सगळं मराठी पान ब्राउझरच्या दृष्टीने इंग्रजी होतं. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण ज्यांना दिसत नाही ते लोक एनव्हीडीएसारख्या वाचक प्रोग्रामकडून पान ऐकतात, आणि कुठल्या भाषेचा आवाज लावायचा हे त्या प्रोग्रामला या एका खुणेवरून कळतं.

सजावटीची भाषा सीएसएस. हिच्यावर हजारो धडे आहेत, पण जवळजवळ सगळे इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले. त्यातले नियम मराठीला तसेच लावले की पान बिघडतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीला अक्षराच्या उंचीच्या दीडपट चालतं. देवनागरीला वर वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. तिला १.६ ते १.७ द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. अक्षरांमध्ये अंतर वाढवणारा गुणधर्म शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून इंग्रजीत खूप वापरतात. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तो वापरूच नका. तिरपी अक्षरंही टाळा. देवनागरी फॉन्टना खरा तिरपा जोड बहुधा नसतो, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकवतो.

पानाच्या तमिळ रूपाने मला वेगळं शिकवलं. मराठीत ‘कृती’ म्हटलं की काम झालं. तमिळमध्ये त्याच जागी ‘सेय्मुऱै’. शब्दाला प्रत्यय लागत-लागत तो इतका लांबतो की फोनच्या पडद्याबाहेर जातो. म्हणून रुंदी ठरलेली बटणं करू नका, आतला मजकूर वाढला की बटण वाढू द्या आणि लांब शब्द तोडण्याची परवानगी ‘ओव्हरफ्लो-रॅप’ने द्या. हे केलंत की तुमचं पान पुढे कन्नड, मल्याळम, जर्मन कुठल्याही भाषेला टिकतं. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेलं काम पाहा. त्यांचा मुक्ता देवनागरीसाठी आहे आणि त्याचाच तमिळ भाऊ मुक्ता मलर. बलू हा मराठी शीर्षकांना शोभतो, त्याच्या तमिळ रूपाचं नाव बलू थंबी. हे सगळे मोफत आहेत. दोन्ही लिप्या एका पानावर शेजारी ठेवायच्या असतील तर एकाच घरातले फॉन्ट घ्या, म्हणजे एक भाषा ठसठशीत आणि दुसरी बारीक असं होत नाही. मराठी मजकूर तमिळपेक्षा मोठा दिसला तर तमिळ वाचकाला आपण दुय्यम आहोत असं वाटतं. आमच्या घरात ते चाललं नसतं.

फोटोंचा भाग थोडक्यात, पण नीट ऐका. माझ्या लॅपटॉपवर पानातले फोटो व्यवस्थित दिसायचे. पेन ड्राइव्हवरून आत्याच्या यंत्रावर नेलं तर सगळे गायब. कारण मी फोटोचा पत्ता माझ्याच यंत्राच्या सी ड्राइव्हपासून लिहिला होता. पत्ता नेहमी पान जिथे आहे तिथपासून लिहा. ते दुरुस्त केलं आणि नवाच प्रकार समोर आला. आम्हाला मिळालेल्या लॅपटॉपवर विंडोजबरोबर सी-डॅकची बॉस लिनक्सही होती. कुतूहल म्हणून तिच्यात पान उघडलं तर निम्मे फोटो पुन्हा नाहीसे. फाइलच्या नावात मोठं अक्षर होतं, कोडमध्ये छोटं. विंडोजला दोन्ही सारखी वाटतात, लिनक्सला नाही, आणि इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. पान चढवल्यावर फोटो दिसत नाहीत अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांची गाठ इथेच सुटते. शिवाय फोनने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच लावू नका. गिंपसारख्या मोफत साधनात रुंदी १,२०० पिक्सेलपर्यंत आणा आणि साठवताना आकार दोनशे केबीच्या आत बसवा. गावाकडचं नेटवर्क आणि लोकांचा डेटा पॅक यांचा विचार करणं हा डिझाइनचाच भाग आहे. आणि प्रत्येक फोटोला शब्दांत वर्णन द्या: ‘पितळेच्या वाटीत पांढरी पच्चडी, वर मोहरीची फोडणी’. ‘फोटो १’ नव्हे.

पान झालं असं वाटलं की ते दुसऱ्या कुणाच्या फोनवर दाखवा. ही परीक्षा कुठलाही क्लास घेत नाही. मी आत्याच्या स्वस्तातल्या फोनवर उघडलं तेव्हा सगळं पान मुंगीएवढ्या अक्षरांत आलं. पानाच्या डोक्यात ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ घालायची राहिली होती. ती नसली की फोन समजतो पान मोठ्या पडद्यासाठी आहे आणि आक्रसून दाखवतो. ती ओळ घातली. मग आत्या उन्हात तिण्णैवर, म्हणजे आमच्या घराबाहेरच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, ‘‘काय लिहिलंय तेच दिसत नाही गं.’’ मला आवडलेल्या फिकट हिरव्यावर पांढरी अक्षरं होती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजेडाचा फरक किमान ४.५ ला १ असावा असं वेब सुलभतेचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. हे प्रमाण मोजणारी मोफत साधनं ब्राउझरमध्येच असतात. पण ऊन आणि साठीचे डोळे ही त्याहून चांगली चाचणी. दाखवताना बोलू नका, ‘इथे दाब’ असं सांगू नका. माणूस कुठे अडतो ते फक्त बघा आणि वहीत लिहा.

चढवण्यासाठी पैसे लागत नाहीत. गिटहब पेजेसवर साधं पान मोफत ठेवता येतं, आणि त्या निमित्ताने प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची सवय लागते, जी पुढे नोकरीत उपयोगी पडते. स्वतःचं डोमेन नंतर घ्या. देवनागरीत ‘डॉट भारत’ हे डोमेन २०१४ पासून मिळतं, हेही लक्षात असू द्या. पानाच्या ‘टायटल’मध्ये गावाचं नाव संपूर्ण लिहा. मी नुसतं चोळपुरम् लिहिलं होतं आणि शोधणाऱ्यांपुढे माझ्याऐवजी गंगैकोंड चोळपुरम् यायचं. ते कोळ्ळिडम् नदीपलीकडे अरियलूर जिल्ह्यात, राजेंद्र चोळाच्या मंदिरामुळे २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं. आमचं गाव त्याच्या सावलीत हरवायचं. ‘चोळपुरम्, कुंभकोणम्‌जवळ’ असं केल्यावर ते वेगळं ओळखू येऊ लागलं. तुमच्याकडेही एकाच नावाची दहा वडगावं असतात, तालुका लिहायला लाजू नका. घरच्यांचा फोन नंबर, घराचा पत्ता, मुलांचे फोटो मात्र टाकू नका. आणि ज्यांचं ज्ञान तुम्ही पानावर मांडता आहात त्यांना आधी वाचून दाखवा, हो म्हणू द्या.

आता कोर्सविषयी, कारण आईवडील तेच विचारतात. महाराष्ट्रात एमकेसीएलचा एमएस-सीआयटी आहे आणि तिथल्या बऱ्याच सरकारी नोकऱ्यांत त्याची गरज पडते. केंद्राच्या नायलिट संस्थेचा सीसीसी ८० तासांचा आहे. तमिळनाडूत तंत्रशिक्षण संचालनालयाची ऑफिस ऑटोमेशनची परीक्षा टायपिंग झालेले लोक देतात. ज्या राज्यात अर्ज करायचा आहे तिथलं प्रमाणपत्र घ्या, पण ते अर्जासाठी, हात तयार होण्यासाठी नाही. हात तयार करायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पाहा. लिनक्स, लिबरऑफिस अशा मोफत साधनांचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीत आणि तमिळमध्येही ऐकता येतात. पडद्यावर एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला तेच आपल्या हाताने, असंच ते बघायचं असतं. इंग्रजी वाचायची तयारी असेल तर मोझिलाचं एमडीएन हे संदर्भस्थळ धरा. सुरुवातीला जड वाटतं, पण चुकीचं शिकवत नाही.

एआयच्या साधनांविषयी हल्ली प्रत्येक जण विचारतो. ती मिनिटात सबंध पान लिहून देतात. शिकताना माझा सल्ला असा: पान तुम्ही लिहा आणि अडलेली ओळ समजावून द्यायला एआयला सांगा. लिहूनच घेतलंत तर एक-एक ओळ पुसून काय बिघडतं ते पाहा. मराठी मजकूर तर त्याच्याकडून घेऊच नका. आजीच्या ‘वाईच जाडसर’ला ते ‘थोडेसे जाड’ करतं आणि आजी पानातून निघून जाते.

एक पान झालं की दुसरं शोधायला लांब जावं लागत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतले ढिगाने कागद आहेत, मोडीला युनिकोडमध्ये २०१४ पासून जागा आहे, आणि तिच्यासाठी वेबपानं करणारी मुलं फारच थोडी आहेत. ज्यांची आजी मोडी वाचते त्यांनी आजच तिच्या शेजारी बसावं.

माझ्या आजीची दृष्टी आता अंधुक झाली आहे. गेल्या पोंगलला मी फोनला ते पान मोठ्याने वाचायला लावलं. आवाज यंत्राचा होता, पण भाषेची खूण बरोबर असल्यामुळे मराठी कळण्यासारखी होती. उडदाची डाळ कोरडी भाजून दळणं, दही फेटणं, त्यात पीठ कालवणं, मीठ, हिरवी मिरची, हिंग-मोहरीची फोडणी. आजीने मध्येच हात वर केला. ‘‘पीठ तेव्हा नाही घालायचं. आधी कालवून ठेवलं तर घट्ट होऊन बसतं. फोडणी थंड झाली की, पानं घेताना.’’ इतकी वर्षं ते पान चुकीच्या क्रमाने वाचलं जात होतं. मी लॅपटॉप उघडला, तिसरी ओळ उचलून सगळ्यांत शेवटी नेली आणि साठवली. आकडे ब्राउझरने घातलेले असल्यामुळे ते आपोआप बदलले. पान पुन्हा चढवलं आणि फोनला परत वाचायला सांगितलं. या वेळी आजी शेवटपर्यंत गप्प राहून ऐकत होती.